फिडलर खेकडा की हार्ट अर्चिन: बिळाची कारागिरी कुणाची?

ऐरोलीला ओहोटीच्या वेळी खारफुटीत गेलात, तर चिखलावर फिडलर खेकडे दिसतीलच. नराची एक नांगी भलीमोठी, ती मादीला खुणावायला. छोट्या नांगीने तो चिखल तोंडात भरतो, खाण्याजोगं चाळून घेतो आणि उरलेल्याची गोळी बाजूला ठेवतो. भरती आली की बिळात! अनेक जाती तर बिळाच्या तोंडाला चिखलाचं बूच लावतात.

हार्ट अर्चिन म्हणजे सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याचा हृदयाच्या आकाराचा भाऊबंद. त्याचं अन्नही गाळातलंच, पण तो राहतो वाळूच्या आतच. युरोपच्या किनाऱ्यांवरचा एकिनोकार्डियम कॉर्डेटम साधारण १०-१५ सेंटिमीटर खोल गाडून घेतो. मग श्वास कसा घेतो? वाळूतून वर एक बारीक नळी काढतो, तिच्या भिंतीला चिकट स्राव लिंपतो आणि लांब नलिकापादांनी, म्हणजे नळीसारख्या मऊ पायांनी, ती मोकळी ठेवतो. मला हे फार विलक्षण वाटतं. काटे केसांसारखे मागे झुकलेले, पोटाखालचे चमच्यासारखे चपटे. त्यांनीच वाळू मागे सारत तो पुढे सरकतो. खडकावरच्या गोल अर्चिनला शेवाळ खरवडायला पाच दातांचा जबडा असतो, याला तो नाही. तोंड पुढे, गुदद्वार मागे, त्यामुळे गोल पूर्वजांच्या या वंशजाला डावी-उजवी बाजू आली.

गाळ उकरून त्यात प्राणवायू पोचवण्याचं काम दोघेही करतात. मुलांना दाखवायला खेकडाच बरा, तो डोळ्यांसमोर वावरतो. पण बांधकामात माझं मत अर्चिनला.