फोटोमॉन्टाज की पोर्ट्रेट, प्रोजेक्टला काय घ्यायचं? (सांगलीतल्या पोरापोरींसाठी)

परवा मावशीच्या पोराचा फोन आला, दादा अप्लाइड आर्टला फोटोग्राफीचा प्रोजेक्ट आहे, सर म्हणतायत फोटोमॉन्टाज (फोटो कापून-जोडून नवीन चित्र) घे नाहीतर पोर्ट्रेट (एका माणसाचा फोटो) घे, दोन्हीतलं एकच, काय घेऊ सांग. अर्धा तास बोललो तरी अर्धं राहिलंच, म्हणून सगळं लिहून काढतोय. मी आधी मॉन्टाजमध्ये पडलो, पोर्ट्रेटकडे दोन वर्षांनी वळलो आणि आता पोटासाठी दोन्ही करतो, त्यामुळं माझं मत कुठं झुकतंय ते वाचता वाचता कळेलच, लपवत नाही.

आधी मॉन्टाज. सांगलीत ते शिकायला गॅलरी लागत नाही, विश्रामबाग चौकात उभा रहा आणि वाढदिवसाचा फ्लेक्स नीट बघ. मधे साहेब, वर गोलात थोर नेते, खाली शुभेच्छुकांची तीस-चाळीस मुंडकी. साहेबांच्या नाकाची सावली उजवीकडं पडलीय, शेजारच्याची डावीकडं, तिसऱ्याचा पासपोर्ट फोटो कापलाय म्हणून तो पापडासारखा सपाट, चौथ्याच्या कानाला निळी कड राहिलीय कारण स्टुडिओत मागं निळा पडदा होता. एका बोर्डावर चार सूर्य! हसू नको पण, फ्लेक्सवाल्याला रात्री अकराला फोटो येतात आणि सकाळी सहाला बोर्ड चढवायचा असतो, एवढ्या वेळात तुला-मला तेवढंही जमणार नाही. सांगायचं एवढंच की कापायला महिन्याभरात येतं, उजेड जुळवायला वर्ष जातं.

आता मॉन्टाजमध्येही दोन जाती आहेत आणि सरांना विचारून घे त्यांना कुठली पाहिजे, कारण मार्क त्यावरच जातात. एक, शिवण लपवायची. रेलँडर नावाच्या फोटोग्राफरनं १८५७ मध्ये तीसच्या वर निगेटिव्ह एकत्र छापून एकच मोठा फोटो केला होता, रंगवलेल्या चित्रासारखा, बघणाऱ्याला जोड दिसू नये म्हणून. दुसरी जात, शिवण मुद्दाम दाखवायची. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमधल्या 'दादा' नावाच्या कलाचळवळीतल्या मंडळींनी हे केलं, त्यातली हाना होख मला सगळ्यात भारी वाटते, ती एका मोठ्या प्रकाशन कंपनीत भरतकाम-विणकामाचे नमुने काढायची नोकरी करायची आणि मासिकातले फोटो कापून मंत्र्याच्या मुंडक्याला नाचणारीचं धड लावायची. तिथं सावल्या जुळत नाहीत, आकार जुळत नाहीत, आणि त्यातच मजा आहे. पण 'मुद्दाम जुळवलं नाही' आणि 'जुळवता आलं नाही' यातला फरक सरांना लांबनं कळतो, कसा ते विचारू नको, कळतो.

त्याच काळात तिकडंच कोलोनला ऑगस्ट झांडर नावाचा फोटोग्राफर बरोबर उलटं करत होता. बेकरीवाला, गवंडी, वकील, शेतकरी, प्रत्येकाला त्याच्याच कपड्यात, त्याच्याच जागी, स्थिर उभं करून फोटो. काही कापणं नाही, जोडणं नाही. १९२९ मध्ये त्याचं साठ पोर्ट्रेटचं पुस्तक आलं आणि १९३६ मध्ये नाझींनी त्याच्या छपाईच्या प्लेट नष्ट केल्या. होखवर पण त्यांचा राग होताच, ती बर्लिनच्या कडेला एका घरात चित्रं लपवून राहिली. म्हणजे एकानं माणूस जसाच्या तसा उभा केला, एकीनं त्याचे तुकडे केले, आणि दोघंही सरकारला नको झाले. तुला यातलं कुठलं काम करायला आवडेल, तुकडे करायचं की समोर उभं राहून बघायचं, हे आधी स्वतःला विचार. कॅमेरा कुठला घेऊ हा प्रश्न त्याच्या बराच नंतरचा.

खर्चाचं पटकन सांगतो. मॉन्टाजला सुरुवातीला जवळजवळ शून्य लागतो: रद्दीवाल्याकडनं जुनी मासिकं, कटर, खाली ठेवायला जाड पुठ्ठा, आणि ग्लू स्टिक (फेव्हिकॉल नको, गुळगुळीत कागदाला सुरकुत्या पडतात, माझी पहिली तीन शीट अशीच गेली). कॉम्प्युटरवर करायचं तर फोटोशॉपसारखंच जिम्प नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, फोटोपी ब्राउझरमध्ये चालतं. पोर्ट्रेटला कॅमेरा असला तर उत्तम, कॉलेजचा मिळाला तर घ्यायचा, त्यावर पन्नास मिलिमीटरची एफ १.८ लेन्स, ती क्रॉप सेन्सरवर (म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) पंचाहत्तर-ऐंशीसारखी वागते म्हणजे चेहऱ्याला एकदम बरोबर. फ्लॅश, सॉफ्टबॉक्स, छत्री यातलं काही विकत घेऊ नको, निदान पहिलं वर्ष.

फोनवर पोर्ट्रेट होतं का? होतं. फक्त फोनची मेन लेन्स २४-२६ मिलिमीटरच्या आसपासची, रुंद असते, म्हणून आपण तोंडाजवळ जातो आणि नाक भोपळ्याएवढं येतं. तो दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. पाच-सहा फूट मागं सर आणि नंतर क्रॉप कर, नाक जागेवर येतं.

खरा खर्च पोर्ट्रेटमध्ये माणसांचा आहे. मॉन्टाजला तू रात्री दोनला एकटा बसून काम करू शकतोस, कुणाला फोन नाही, कुणाची मिनतवारी नाही. पोर्ट्रेटला समोर माणूस लागतो आणि त्याला वेळ लागतो आणि तो कंटाळतो. मी मिरजेत सतारमेकर गल्लीत एका काकांचा फोटो काढायला गेलो, काका मस्त तयार झाले, शर्टाची वरची बटणं लावली, छाती काढून बसले आणि वीस मिनिटं मी जे काढलं ते सगळं आधार कार्डाच्या लायकीचं. मग मी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि नुसतं विचारलं की काका जवारी म्हणजे नक्की काय करता, तर त्यांनी सतार घेतली, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासायला लागले, घासायची, तार छेडायची, कान लावायचा, परत घासायची, आणि पाच मिनिटांत मी तिथं आहे हेच विसरले. तेव्हा काढलेले चार फोटो माझ्याकडं अजून आहेत, बाकीचे उडवले. ही गोष्ट कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत, आणि तुला जर अनोळखी माणसाला "काका जरा बसता का" म्हणताना घाम फुटत असेल तर पोर्ट्रेटचं वर्ष जड जाईल, आधीच सांगतो. माझे पहिले सहा महिने असेच घाम पुसण्यात गेले, नंतर सवय होते.

तंत्र म्हणशील तर पोर्ट्रेटचं तंत्र वाटतं त्यापेक्षा थोडं आहे पण ते पक्कं लागतं. एक खिडकी घे. माणसाला खिडकीच्या बाजूला बसव, समोर नको. लांबच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण दिसेपर्यंत त्याला किंवा स्वतःला हलव, याला रेम्ब्रांट म्हणतात, डच चित्रकाराच्या नावावरनं. खिडकीचा खालचा अर्धा भाग चादरीनं झाक म्हणजे उजेड वरनं उतरतो, नाहीतर हनुवटी चमकते. दुसऱ्या बाजूला पांढरी ड्रॉइंग शीट धर, सावली किती काळी पाहिजे तेवढी ती जवळ-लांब कर. खोलीतली ट्यूब बंद. डोळ्यात खिडकीचा ठिपका दिसला पाहिजे, फोकस जवळच्या डोळ्यावर. मागं पांढरी भिंत असली की कॅमेरा फसतो आणि चेहरा काळवंडतो, त्याला एक्स्पोजर एक स्टॉप प्लस कर, म्हणजे उजेड दुप्पट. पुस्तकात लिहितात उत्तरेची खिडकी घ्या, दिवसभर मऊ उजेड, पण ती पुस्तकं युरोपातली, आपल्याकडं मे ते जुलै भर दुपारचा सूर्य डोक्यावरनं उत्तरेकडं सरकलेला असतो, त्यामुळं उत्तरेच्या खिडकीतनं पण ऊन आत येतं. त्या महिन्यात पातळ पडदा लाव, जुनं पांढरं धोतर चालतं.

एकदा औंधला जाऊन ये, साताऱ्याहून चाळीसेक किलोमीटर. औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांच्या भवानी संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. चित्रासमोर उभं राहून एकच काम करायचं, प्रत्येक चेहऱ्यावर उजेड कुठनं आलाय ते बोटानं दाखवायचं (लांबनं, हात लावायचा नाही). हे मॉन्टाजवाल्यानं पण करावं, किंबहुना त्यानंच जास्त.

कारण शिवण लपवायच्या मॉन्टाजमध्ये कॉम्प्युटरच्या युक्त्या कमी आणि नजर जास्त लागते. लेयर मास्क, पेन टूल, केसांसाठी चॅनल, ही फोटोशॉपमधली कापायची-झाकायची हत्यारं, हे सगळं महिन्याभरात येतं. (फोटोशॉप १९९० मध्ये आलं आणि लेयर (एकावर एक ठेवलेले, वेगवेगळे हलवता येणारे थर) १९९४ मध्ये तिसऱ्या व्हर्जनला आले, त्याआधी एकदा चिकटवलं की संपलं, कागदासारखंच. म्हणून म्हणतो आधी कागदावर कर, चिकटवायच्या आधी विचार करायची सवय लागते.) अडतं ते दुसरीकडं. मी सेकंड इयरला आयर्विन पुलावर आजोबांना उभं केलं होतं, पूल माझा फोटो, आजोबा माझा फोटो, दोन्हीत ऊन एकाच बाजूनं, रंग जुळवले, पायाखाली सावली पण रंगवली, आणि तरी आजोबा हवेत तरंगत होते. तीन रात्री घालवल्या. सरांनी एका मिनिटात सांगितलं, पूल तू उभा राहून काढलास, आजोबांना जिन्यावरनं वाकून काढलंस, दोघांची क्षितिजरेषा वेगळी, आता काही कर, जुळणार नाही. परत गेलो, आजोबांचा फोटो परत काढला, दहा मिनिटांत बसलं. म्हणजे मॉन्टाज सुटला कॅमेऱ्यानं. तिथं माझ्या डोक्यात ट्यूब पेटली की मी पोर्ट्रेट टाळून मॉन्टाज शिकायला बघतोय ते उलटं चाललंय.

साइझचं पण एक लक्षात ठेव. ए-फोर प्रिंट ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो साधारण १६०० पिक्सेलचा होऊन येतो, तो या कागदावर अर्धा पण भरत नाही. मित्राला सांग डॉक्युमेंट म्हणून पाठव. फ्लेक्सला कमी चालतं, तो लांबनं बघायचा असतो. आणि दुसऱ्याचे फोटो कापून सराव खुशाल कर, पण प्रदर्शनात लावायचं असेल तर स्वतःचे वापर, आपल्याकडं फोटोचा कॉपीराइट फोटोग्राफर हयात असेपर्यंत आणि तो गेल्यावर पुढं साठ वर्षं असतो. गावातल्या ओळखीच्या माणसाचं मुंडकं गमतीत कुठं चिकटवू नको, सांगलीत अशी गंमत संध्याकाळपर्यंत घरी पोचते.

मॉन्टाजच्या बाजूनं बोलायचं राहून जाईल म्हणून हे सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आमच्या आत्याच्या घरातला अल्बमचा ट्रंक तीन दिवस पाण्यात होता. जुने फोटो एकमेकांना चिकटले, वरचा जिलेटिनचा थर फुगला, काहींचे चेहरे वाहून गेले आणि फक्त साडीचा काठ राहिला. आत्या टाकून देत होती. कुणीतरी सांगितलं की चिकटलेले फोटो कोरडे ओढून काढू नका, परत स्वच्छ पाण्यात भिजवा, आपोआप सुटतात, बरेच सुटले. जे उरलं ते मी स्कॅन केलं आणि ज्या चुलत्याचा चेहरा गेला होता त्याच्या जागी काही नवीन न भरता तो वाहिलेला डाग तसाच ठेवून, बाजूला दुसऱ्या फोटोतला त्याचाच हात, तिसऱ्यातला त्याचा सायकलचा दांडा, असं जोडत एक मोठं शीट केलं. आत्यानं ते भिंतीला लावलंय. हे काम कुठल्याच पोर्ट्रेटनं झालं नसतं, माणूसच नव्हता ना समोर. आता एआय एका क्लिकमध्ये तो चेहरा भरून देतो, पण तो चेहरा चुलत्याचा नसतो, कुणाचातरी असतो.

पैशाचं बघितलं तर पोर्ट्रेट लवकर मिळवून देतं: लग्न, प्री-वेडिंग, बारसं, कॉलेजची आयडी. मॉन्टाज येणाऱ्याला अल्बम डिझाइनचं काम बसल्या जागी मिळतं, पानामागं पैसे, सीझनला रात्र रात्र, आणि त्यात नवीन काही करायला कुणी देत नाही, टेम्प्लेट टाक आणि चेहरे बदल. पुण्या-मुंबईला जाहिरातीत जायचं असेल तर पोर्टफोलिओत मॉन्टाज जास्त बघतात असा माझा अनुभव, पण तो एका-दोघांचाच आहे.

तर मावशीच्या पोराला मी शेवटी सांगितलं की सबमिशन डिसेंबरात आहे, हातात चार महिने आहेत, तू पोर्ट्रेट घे. बोलायला लाजतोस म्हणूनच घे, आणि मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला जाऊन सकाळी उभा रहा, हमाल मामांना आधी चहा पाज मग कॅमेरा काढ. त्याला जर दोनच आठवडे असते, किंवा कॅमेरा मिळणार नसता, किंवा घरात असा एखादा भिजलेला ट्रंक असता, तर मॉन्टाज घे म्हणलो असतो, तो पण कागदावरचा, शिवण दिसणारा. तो म्हणला बरं. काल स्टेटस बघितलं तर पठ्ठ्यानं पोर्ट्रेटच घेतलंय, आणि पहिला फोटो कुणाचा, तर मावशीचा, खिडकीत, पण ट्यूब चालू.