पुढचे पैसे कुठल्या पाणबुडीत घालावेत? तिघींना समोरासमोर ठेवून बघूया

पाणबुडी म्हटलं की आपल्याकडे सगळ्या एकाच पोत्यात भरतात. अरिहंत, चक्रा, कलवरी, कुठलंही नाव घ्या, पाणबुडी ती पाणबुडी. पण सरकारने पुढचे हजारो कोटी कशात घालावेत यावर तुम्हाला मत बनवायचं असेल, तर आधी हे डोक्यात बसवा की यात तीन वेगळी जनावरं आहेत आणि एकीचं काम दुसरी करू शकत नाही.

पहिली एसएसबीएन. अणुभट्टीवर चालते, पोटात अण्वस्त्रवाली बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं. आपली अरिहंत ही (२००९ ला पाण्यात, २०१६ ला नौदलात) आणि अरिघात पण हीच, ती २९ ऑगस्ट २०२४ ला विशाखापट्टणमला दाखल झाली. दुसरी एसएसएन, ही पण अणुभट्टीवरच पण हत्यारं म्हणजे टॉर्पेडो आणि क्रूझ क्षेपणास्त्रं, काम शिकारीचं. आपली स्वतःची अशी एकही नाही, रशियाकडून भाड्याने आणलेली चक्रा २०१२ ते २०२१ वापरली आणि परत केली. (त्याआधी १९८८ ते १९९१ पण एक चक्रा होती, ती सोव्हिएत युनियनकडून. म्हणजे नाव तेच, बोट वेगळी, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो तो होतोच.) तिसरी डिझेल-इलेक्ट्रिक, म्हणजे मुंबईत माझगाव डॉकने बांधलेल्या कलवरी वर्गाच्या सहा बोटी, त्यातली शेवटची वागशीर जानेवारी २०२५ ला आली.

आता एसएसबीएनचं काम काय तर समुद्रात जाऊन गप्प बसायचं. खरंच एवढंच. कोणाचा पाठलाग नाही, कोणाला बुडवायचं नाही, फक्त सापडायचं नाही. आपलं धोरण अण्वस्त्राचा पहिला वार न करण्याचं आहे, २००३ पासून अधिकृतपणे, आणि असं म्हणणाऱ्या देशाला पहिला फटका खाल्ल्यावरही उलटा मारण्याची ताकद शिल्लक ठेवावीच लागते. जमिनीवरची क्षेपणास्त्रं आणि विमानतळ सॅटेलाइटला दिसतात, पाण्याखालची बोट दिसत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

इथे लोक बोटी मोजत बसतात, मी म्हणतो आधी रेंज बघा. अरिहंतला चार लाँच ट्यूब आहेत, त्यात के-१५ नावाची छोटी क्षेपणास्त्रं भरली तर बारा बसतात, के-४ ही मोठी भरली तर चार. बारा हा आकडा मोठा वाटतो ना? पण के-१५ ची रेंज ७५० किलोमीटर. आता नकाशा उघडा. कराची ते इस्लामाबाद सरळ रेषेत ११०० किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे बोट अगदी कराचीच्या दारात नेऊन उभी केली तरी के-१५ इस्लामाबादला पोचत नाही, आणि दारात नेलं की सापडण्याची भीती आलीच, मग लपण्यासाठी बांधलेल्या बोटीला लपायला जागाच कुठे राहिली. चीनचं तर नावच नको, बंगालच्या उपसागरातून ७५० किलोमीटरमध्ये चीनचं महत्त्वाचं काहीच येत नाही.

के-४ ची रेंज ३५०० किलोमीटर, अरिघातवरून २७ नोव्हेंबर २०२४ ला चाचणी झाली. इथे चित्र एकदम बदलतं, पण पूर्ण नाही. उपसागराच्या अगदी उत्तर टोकातून बीजिंग साधारण ३३००-३४०० किलोमीटरवर येतं, म्हणजे कसंबसं पोचतं, आणि विशाखापट्टणमच्या समोरून मोजलं तर ते ३८०० च्या पुढे जातं, म्हणजे नाही पोचत. आणि ते उत्तर टोक म्हणजे गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाचं उथळ पाणी, पाणबुडीला तिथे लपायला लावणं म्हणजे म्हशीला डबक्यात लपवण्यासारखं आहे. म्हणून के-५ या पुढच्या क्षेपणास्त्रावर काम चाललंय, ५००० किलोमीटर आणि पुढे. ते आलं की बोट दक्षिणेच्या खोल पाण्यात निवांत बसू शकते, आणि तेव्हा कुठे ही बोट खऱ्या अर्थाने सुरक्षित होते. क्षेपणास्त्राची रेंज वाढली की बोटीला लपायला मिळणारा समुद्र वाढतो, माझ्या मते या सगळ्या विषयातली कळीची गोष्ट हीच.

मग बोटी किती लागतात? ब्रिटन १९६९ पासून एक तरी एसएसबीएन कायम समुद्रात ठेवतो आणि त्यासाठी त्यांच्याकडे चार आहेत, फ्रान्सकडे पण चारच. हिशोब सोपा आहे, एक गस्तीवर, एक गोदीत उघडून ठेवलेली, एक परत आलेली किंवा निघायच्या तयारीत, आणि एक ट्रेनिंगला नाहीतर अडीअडचणीला. आपल्या अरिहंत वर्गात पण चार बोटी धरल्यात, तिसरी अरिधमन आणि चौथी आधीच्या दोघींपेक्षा लांब आहेत, त्यात के-४ आठ बसतात. म्हणजे संख्येचा प्रश्न बऱ्यापैकी मार्गी लागलाय. त्यामुळे कोणी म्हणालं की अजून दोन अरिहंत बांधा, तर माझं उत्तर नको. पैसे के-५ मध्ये आणि ते मावेल अशा पुढच्या मोठ्या वर्गात घाला.

आता खरी टक्कर, एसएसएन विरुद्ध डिझेल. इथे मला १९८२ चं ब्रिटन-अर्जेंटिनाचं फॉकलंड युद्ध आवडतं कारण एकाच लढाईत दोन्ही दिसतात. ब्रिटनच्या अणुपाणबुड्या हजारो किलोमीटर पार करून दोनेक आठवड्यांत तिथे हजर, त्यांची डिझेलवाली ऑनिक्स पोचायला महिनाभराच्या आसपास लागला. २ मे ला ब्रिटनच्या काँकरर या अणुपाणबुडीने अर्जेंटिनाची युद्धनौका जनरल बेलग्रानो बुडवली, ३२३ माणसं गेली, आणि त्यानंतर अर्जेंटिनाच्या नौदलाची मोठी जहाजं किनाऱ्याकडे परत गेली ती गेलीच. एका बोटीने अख्खं नौदल बंदरात बसवलं. पण थांबा, दुसरी बाजू पण ऐका. अर्जेंटिनाकडे सान लुइस नावाची एक डिझेल पाणबुडी होती, जर्मन बनावटीची, तिचे टॉर्पेडो नीट चालले नाहीत म्हणून ती काही बुडवू शकली नाही, पण ब्रिटिशांनी तिच्यामागे पाण्यात ढिगाने हत्यारं टाकली आणि ती शेवटपर्यंत सापडली नाही.

कारण बॅटरीवर चालणारी डिझेल बोट फार शांत असते. अणुभट्टीचे पंप, टर्बाइन, गिअर हे काही ना काही आवाज करतातच, भट्टी पूर्ण बंद करून बसता येत नाही. डिझेलचं दुखणं वेगळं, बॅटरी संपली की वर येऊन पाइप बाहेर काढून इंजिन चालवावं लागतं, आणि तेव्हा रडारला दिसते. एआयपी, म्हणजे बाहेरची हवा न घेता पाण्याखालीच वीज बनवणारी यंत्रणा, लावली तर हे वर येणं दोनेक आठवडे टळतं (अंबरनाथच्या नौदल प्रयोगशाळेने आपलं स्वतःचं फ्युएल सेलवालं एआयपी बनवलंय, ही अभिमानाची गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही) पण एआयपीवर वेग चार-पाच नॉट्स. विशाखापट्टणमहून मलाक्का सामुद्रधुनीच्या तोंडापर्यंत हजारेक नॉटिकल मैल आहेत, एसएसएन वीस नॉट्सने दोन दिवसांत पोचते, एआयपीवर आठ ते दहा दिवस. शत्रूचं जहाज काय तोवर चहा पीत थांबणारे?

म्हणजे एका ठिकाणी दबा धरून बसायचं असेल, कराचीसमोर किंवा आपल्या बंदरांच्या तोंडाशी, तर डिझेल उत्तम, आणि स्वस्त. पण कोणाच्या मागे लागायचं असेल, आपल्या विमानवाहू नौकेबरोबर पळायचं असेल, किंवा आपल्याच एसएसबीएनच्या मागे कोणी लागलंय का ते बघायचं असेल तर डिझेल दमते. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये फ्रेंच डिझेल पाणबुड्यांचा झालेला करार मोडून अणुपाणबुड्या घ्यायचं ठरवलं ते लांब अंतरांमुळेच, फ्रान्स चिडला तो वेगळा.

पैशाचं म्हणाल तर दोन एसएसएनना ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, बातम्यांतला आकडा सुमारे ४०,००० कोटी रुपये, म्हणजे एक बोट वीस हजार कोटींना. पी-७५आय या प्रकल्पाच्या सहा एआयपीवाल्या डिझेल बोटी, माझगाव डॉक आणि जर्मनीची टीकेएमएस कंपनी मिळून, त्यांचा आकडा ७०,००० कोटींच्या आसपास फिरतोय, म्हणजे एकीला बारा हजार कोटींच्या घरात. फरक आहे पण लोकांना वाटतो तेवढा नाही. मात्र हा फक्त बांधायचा खर्च, पुढे अणुभट्टीची देखभाल, इंधन बदलणं, वेगळा तळ, प्रशिक्षित माणसं हे सगळं एसएसएनच्या बिलात वाढतंच.

तर माझं मत. तुम्हाला मुख्य काळजी पाकिस्तानची असेल तर पी-७५आय ला पाठिंबा द्या, ती त्या कामाला पुरेशी आहे. चीनची असेल, आणि मला चीनची आहे, तर एसएसएन, आणि दोन नाही तर सहा, जसं २०१५ मध्ये ठरलं होतं तसं. फक्त एक अडचण आहे जी या वादात कोणी काढत नाही. पहिली एसएसएन २०३६-३७ मध्ये येईल असं नौदलप्रमुखांनीच डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलंय, दुसरी त्यानंतर दोन वर्षांनी. तोपर्यंत जुन्या सिंधुघोष वर्गाच्या डिझेल बोटी एकेक करून निवृत्त होत राहणार. म्हणून पी-७५आय ची मला फार हौस नसली तरी ती रद्द करा असं मी म्हणणार नाही, आणि रशियाकडून अजून एक अकुला वर्गाची एसएसएन भाड्याने घ्यायचा २०१९ चा करार आहे तो पण रेंगाळू देऊ नका, नाहीतर एसएसएन आली तरी ती चालवायला समुद्रात हात बसलेली माणसंच नसतील.