लीजिंगची नोकरी की स्वतःची एजंटगिरी?

घरं भाड्याने लावून देण्याच्या कामात शिरू पाहणारा भाचा पुण्यात याच पेचात अडकलाय.

स्वतंत्र एजंटाला एका घरामागे साधारण महिनाभराचं भाडं दलाली मिळते. २५ हजारांचं घर लागलं की तेवढे हातात. पण मालक-भाडेकरू परस्पर जुळले की पाण्यात! शिवाय जूनमध्ये झुंबड, पितृपक्षात शुकशुकाट. मालकांची घरं सांभाळून भाड्याने देणाऱ्या मॅनेजमेंट कंपनीत पगार ठरलेला, वर थोडा इन्सेंटिव्ह. टार्गेट मात्र मानगुटीवर.

कष्ट? कंपनीत किल्ल्या ऑफिसातच. बाहेर निम्मा दिवस किल्लीवाल्या मालकाला फोन लावण्यात जातो, वर पेट्रोल आपलं. पण कंपनीत घर दिल्यावरही गीझरची तक्रार तुमच्याकडेच येते.

खरा फरक कागदपत्रांत. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्स करार (घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा) लेखी करून नोंदवणं बंधनकारक, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. तरी मालक विचारतो एजंटालाच. मुद्रांक किती, डिपॉझिट कसं धरायचं, पोलीस पडताळणी कुठे, हे कंपनीत पगार घेऊन शिकता येतं. बाहेर चुकलात की मालकही गेला.

घराचा हप्ता चालू असेल, ओळखी नसतील तर नोकरी. एखाद्या भागातले वॉचमन, सोसायट्यांचे सेक्रेटरी नावाने ओळखत असतील आणि सहा महिन्यांचा खर्च गाठीशी असेल, तर स्वतःचं. भाच्याला वॉचमन सोडा, शेजारीही ओळखत नाहीत.