'एक्सचेंज'च्या नावाखाली माझाच ईसीयू मला विकला

इंग्लंडमध्ये किट कार (सुट्या भागांतून जुळवायची गाडी) घेणाऱ्या किंवा घरच्या गॅरेजात जुळवणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय. प्रकरण अजून मिटलेलं नाही, म्हणून ट्यूनिंगवाल्याचं नाव देत नाही.

माझी गाडी लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीची. चौकोनी नळ्यांची चासी, पुढे फायबरचं नाक, दोन लिटरचं फोर्ड झीटेक इंजिन, प्रत्येक सिलिंडरला वेगळी थ्रॉटल बॉडी (हवा आत सोडणारी झडप) आणि लॅपटॉपवरून प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर. एका गृहस्थांनी अर्धी जुळवून ठेवलेली ही गाडी मी घेतली. वायरिंग त्यांच्याच हातचं. रस्त्यावर आणण्याआधीची आयव्हीए ही सरकारी तपासणी पार पडली, नंबर मिळाला आणि उन्हाळ्यात दुखणं सुरू झालं. गार इंजिन झकास चालायचं. गरम झाल्यावर सिग्नलला थांबलो आणि रेडिएटरचा पंखा लागला, की आयडल (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) डुगडुगायचं, पेट्रोलचा भपकारा यायचा आणि गाडी बंद. इथे मागचे लोक हॉर्न वाजवत नाहीत, पण ज्या नजरेने बघतात त्यापेक्षा पुण्याचे हॉर्न परवडले.

ट्यूनिंगवाल्याने लॅपटॉप जोडला न जोडला तोच निदान केलं: ईसीयू गेला, उष्णतेने आतलं सोल्डर सुटलंय. तुमचा जमा करा, आमच्याकडचा दुरुस्त केलेला घ्या, ५८० पाउंड. रोलिंग रोडचे, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ट्यूनिंग करण्याचे, २४० वेगळे. कार्डाचं मशीन नेमकं बिघडलेलं, बँकेतून पाठवलेत तर ४० पाउंड कमी करतो म्हणाला. मी क्रेडिट कार्डावरच अडून बसलो, तेव्हा मशीन बरं झालं.

गाडी हातात आली ती बंद पडत नव्हती खरी. पण पूर्वी ९०० आरपीएमवर असणारं आयडल आता १४०० वर. 'नव्या युनिटला एवढं लागतं,' हे त्याचं उत्तर. घरी येऊन बॉनेट उघडलं. थ्रॉटल कितपत बंद होईल ते ठरवणाऱ्या स्टॉप स्क्रूवर आधीच्या मालकांनी पिवळा रंग लावून खूण केली होती, ती तुटलेली आणि स्क्रू चांगलाच आत फिरवलेला. म्हणजे रोग तसाच ठेवून त्याने फक्त आयडल चढवलं होतं. थोड्या दिवसांनी पावसात हेडलाइट, वायपर आणि पंखा एकदम चालू असताना गाडी पुन्हा बसली.

किट कारवाल्यांच्या क्लबमध्ये एक आजोबा आहेत, जन्मभर ऑटो इलेक्ट्रिशियन. त्यांनी ईसीयूला हातसुद्धा लावला नाही. इंजिन गरम करून लॅपटॉपवरचे आकडे बघायला सांगितले. पंखा लागला त्या क्षणी पाण्याचं तापमान ९२ अंशांवरून ७७ वर! थ्रॉटल बंद असूनही उघडल्याचं दिसायला लागलं, पाच-सहा टक्के. पाणी काही डोळ्याचं पातं लवायच्या आत पंधरा अंश गार होत नाही, म्हणजे खोटं बोलत होती ती वायर. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं चासीला. पंखा बंद, जवळजवळ शून्य. पंखा चालू, पाव व्होल्ट.

चासीला पावडर कोटिंग होतं आणि अर्थची वायर त्या कोटिंगवरच बोल्टने आवळलेली. रंगातून वीज नीट जात नाही; नट कितीही घट्ट आवळा, संपर्क होतो तो बोल्टच्या आट्यांपुरता. पंख्याचा करंट त्या अरुंद वाटेने परतताना चासीचं व्होल्टेज वर चढायचं. सेन्सरांच्या परतीच्या वायरीही ईसीयूऐवजी चासीलाच जोडलेल्या, त्यामुळे ईसीयूला वाटायचं इंजिन गार आहे आणि थ्रॉटल उघडलाय. तो जास्त पेट्रोल ओतायचा, इंजिन गुदमरायचं. कोटिंग खरवडून धातू उघडा केला, जाड अर्थ केबल टाकली, सेन्सरांच्या वायरी ईसीयूच्या ठरलेल्या पिनवर नेल्या. १२ पाउंडांत काम झालं आणि आयडल परत ९०० वर आणलं.

सगळ्यांचं दुखणं हेच असेल असं नाही. लॅम्डाचा (धुरातल्या ऑक्सिजनच्या सेन्सरचा) आकडा आयडलला लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, दाखवत असेल आणि थ्रॉटल उघडल्यावर सुधारत असेल, तर आधी मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरतेय का ते स्मोक टेस्टने (आत धूर सोडून) बघून घ्या. वरच्या आरपीएमला जोर लावताना लीन होत असेल तर पंप आणि फिल्टर. पण ईसीयू गेला म्हणणाऱ्याला आकडे दाखवायला लावा. बरेचदा ईसीयू या यादीत शेवटी येतो. किट कारवाल्याला ना शोरूम, ना कंपनीचं मॅन्युअल, त्यामुळे काळ्या डब्यावर खापर फोडणं फार सोपं जातं.

आता त्या डब्याचं. जुना मॅप, म्हणजे ईसीयूमधली सेटिंग्ज, मी आधीच लॅपटॉपवर साठवला होता आणि त्यात ईसीयूचा सिरियल नंबर होता. 'दुरुस्त केलेलं युनिट' जोडलं तर नंबर तोच. केस वाळवायच्या ड्रायरने चकचकीत नवं स्टिकर गरम करून सोललं. खाली आधीच्या मालकांची पांढऱ्या रंगातली आद्याक्षरं.

फोटो, दोन्ही नंबर आणि बिल घेऊन मी कार्ड कंपनीकडे दावा केला. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट कायद्याचं कलम ७५ सांगतं, की १०० पाउंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पर्यंतच्या किमतीची वस्तू वा सेवा क्रेडिट कार्डाने घेतली, तर विक्रेत्याबरोबर कार्ड कंपनीही जबाबदार. डेबिट कार्ड किंवा बँक ट्रान्सफरला हे कलम लागत नाही. त्या ४० पाउंडांच्या सवलतीचा अर्थ आता लागला. सिटिझन्स अॅडव्हाइसच्या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली, ती ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे, जाते.

दावा केल्याचं कळताच ट्यूनिंगवाल्याचा फोन आला: अर्धे पैसे परत देतो, कुठे काही लिहू नका. मी पूर्ण ८२० पाउंड लेखी मागितले आहेत.