इगतपुरीच्या ‘बव्हेरिया’त आमचे 4,85,000 रुपये गेले

‘बव्हेरिया’ नावाच्या प्रकल्पात प्लॉट घ्यायला आम्ही पैसे भरले: चेकने 51,000, आरटीजीएसने (बँकेतून थेट) 2,34,000 आणि रोख 2,00,000. यांच्या फंडाचे पैसे होते. रोख दिलेल्याची पावती नाही. रोख देऊ नका, कोणी कितीही ‘ताई, ताई’ केलं तरी.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात डोंगरात लेव्हनवर्थ नावाचं छोटं गाव आहे. 1920च्या दशकात रेल्वेने मार्ग बदलला, पुढे लाकडाची गिरणी गेली, गावाचा धंदा बसला. 1960च्या दशकात गावकऱ्यांनी दुकानांना जर्मनीतल्या बव्हेरियाचं रूप दिलं आणि पर्यटकांची रीघ लागली. कॉलेज रोडच्या ऑफिसात प्लॉट विकणाऱ्या माणसाने याच गावाचे फोटो दाखवले. “ताई, इगतपुरीही घाटातलं रेल्वेचंच गाव. इथेही तेच करतोय.” मुलाने नेटवर पाहिलं, लेव्हनवर्थची गोष्ट अक्षरशः खरी निघाली. तिथेच आम्ही फसलो. गोष्ट खरी म्हणून प्लॉटही खरा धरला. तिथल्या लोकांनी स्वतःच्याच इमारती बदलल्या होत्या. इथे दाखवलेली जागा म्हणजे भाताची खाचरं, कडेला दोन झेंडे.

मी वीस वर्षं पतसंस्थेत काम केलंय, सातबारा वाचता येतो मला. म्हणूनच रात्र रात्र झोप लागत नाही. त्याने सातबाऱ्याची झेरॉक्स समोर ठेवली तेव्हा ‘इतर हक्क’चा रकाना, म्हणजे जमिनीवरची बंधनं लिहिलेली असतात तो, दुमडलेला होता. माझं बोट त्या घडीवर होतं. उलगडायला दोन सेकंद लागले असते. तेवढ्यात चहा आला, बाजूच्या जोडप्याने टोकन भरलं, “कॉर्नरचा शेवटचाच राहिलाय” म्हणाला, आणि मी सही केली. ते जोडपंही त्यांचंच असणार.

पुढे 15 रुपये भरून ऑनलाइन डिजिटल सहीचा सातबारा काढला. भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे विकण्यावर बंधन असलेली जमीन), आदिवासी खातेदार, जमीन महसूल कायद्याचं कलम 36अ. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती जमीन आम्हाला मिळूच शकत नाही. हे 15 रुपये आधी खर्च करा. ब्रोशरवर ‘रेरा अप्लाइड’ (म्हणजे प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीसाठी नुसता अर्ज केलाय) असेल तर उठून या, नोंदणी क्रमांकाशिवाय जाहिरातही करता येत नाही. आणि पाचशेच्या स्टॅम्पवरची नोटरी म्हणजे खरेदीखत नव्हे.

पोलीस ठाण्यात म्हणाले, “दिवाणी बाब आहे, वकील गाठा.” दुसऱ्या कार्यालयात, “साहेब मीटिंगला गेलेत.” सात खेपा झाल्या, साहेबांची मीटिंग संपली नाही. तिसरीकडे मलाच दरडावलं, “शिकलेल्या बाईला कळत नाही?” अर्जाची पोच मागितली तर फाइल बाजूला सारली. चोराला कोणी प्रश्न विचारला नाही, मला सगळ्यांनी विचारले. तोंडी काही सांगूच नका, अर्ज आवकमध्ये द्या आणि शिक्का घेऊनच परत फिरा.

शेवटी आम्ही दोघं त्या जागेवर गेलो. खाचरात एक म्हातारी आवणी करत होती. जमीन तिचीच. तिला विचारलं, कोणाला विकली का? म्हणाली, “नाही बाई. झेंडे कोणी लावले ते मलाबी ठाव नाही.”