ऑसेलॅरिस की मरून: बबल टिपसाठी कोणती जोडी घ्यावी?

खाऱ्या पाण्याची टाकी स्थिरावली आहे, बबल टिप जातीच्या समुद्रफुलाने (सी अ‍ॅनिमोनने) दगडाच्या खाचेत पाय रोवला आहे आणि आता क्लाउनफिशची जोडी तेवढी निवडायची राहिली आहे, असे मी गृहीत धरतो. ऑसेलॅरिस आणि मरून या क्लाउनफिशच्याच दोन जाती; मी दोन्हींच्या जोड्या पाळल्या आहेत.

समुद्रफुलाशी असलेले नाते हा एकच निकष लावला, तर मरून सरस ठरतो. निसर्गात तो बबल टिपखेरीज दुसऱ्या कशातही राहत नाही. माझ्याकडेही तो सोडला त्याच संध्याकाळी स्पर्शिकांमध्ये लोळू लागला होता. ऑसेलॅरिसचे मूळ यजमान मॅग्निफिका आणि कार्पेट जातीची थोराड समुद्रफुले, जी सांभाळणे बबल टिपपेक्षा बरेच अवघड. त्यामुळे बबल टिपकडे तो कधी कधी महिनोन्‌महिने ढुंकूनही पाहत नाही. टाकीतच जन्मलेली जोडी तर एखाद्या लेदर कोरलवरही (मऊ प्रवाळावरही) समाधान मानते. तेवढा धीर नसेल, तर ऑसेलॅरिस निराश करील.

असे असूनही माझ्या टाकीत आज ऑसेलॅरिस आहे, आणि त्याचे कारण मरूनची मादी. क्लाउनफिशमध्ये मादीच आकाराने मोठी आणि घरची धनीण असते, हे खरे. परंतु मरूनची मादी सुमारे 15 सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि समुद्रफुलाभोवतीचा सारा परिसर आपला समजते. काच पुसायला हात घातला रे घातला की ती थेट बोटांच्या पेरांवर येई, आणि चावा झोंबावा इतका खरा असे. अंडी नसतानाही तिचा हा पवित्रा सुटत नसे. तिला बाहेर काढणे त्याहून कठीण: डोळ्याखालचा काटा जाळीत असा अडकला की शेवटी जाळीच कात्रीने कापावी लागली. ऑसेलॅरिसची मादीही अंडी घातल्यावर, म्हणजे पिल्ले बाहेर पडेपर्यंतचा साधारण आठवडाभर, अंगावर येते. पण तिचा चावा म्हणजे केवळ टोचणी.

सगळ्याच मरून माद्या इतक्या तापट असतील असे मी म्हणणार नाही, आणि मोठी, मोजक्या माशांची टाकी असेल तर त्यांचा गडद रंग मोहात पाडणाराच आहे. तरीही टाकीत वरचेवर हात घालावा लागत असेल, तर ऑसेलॅरिसच बरा. मरूनच घ्यायचा ठरल्यास दोन्ही पिल्ले एकदमच आणि आकारात ठळक फरक असलेली घ्यावीत, आणि पकडताना जाळीऐवजी प्लास्टिकचा डबा वापरावा.