जीपीएस घड्याळ वापरून आठ महिने : माहुली, नाणेघाट, येऊर

गेल्या दिवाळीत घेतलेलं हे घड्याळ जुलैअखेरपर्यंत सतरा ट्रेकना मनगटावर होतं. ठाण्याहून पहाटेची कसारा लोकल, आसनगाव आणि पुढे माहुली हा आमचा ठरलेला बेत, त्यामुळे सगळ्यात जास्त वापर तिथेच झाला.

पावसात फोनच्या स्क्रीनवर थेंब पडले की नकाशा आपोआप सरकत राहतो. घड्याळाला बटणं आहेत, ओल्या हातांनीही ती दाबता येतात. नकाशा आतच साठवलेला असल्याने मोबाइलची रेंज नसली तरी चालतं. नाणेघाटाच्या पठारावर दाट धुक्यात आल्या वाटेने मागे फिरलो ते याच्याच भरवशावर, थेट दगडी रांजणापाशी पोचलो. बॅटरी कंपनी वीस तास सांगते, मला आता चौदा मिळते.

उंचीच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. घड्याळ ती हवेच्या दाबावरून काढतं आणि दाब एक हेक्टोपास्कल उतरला तरी आठ-साडेआठ मीटरचा फरक पडतो. म्हणून कळसूबाईच्या माथ्यावर तिथली ठाऊक असलेली उंची, १६४६ मीटर, मी हाताने भरून घेतली. अरुंद घळीत सिग्नल कातळावर आपटून येतो, तेव्हा आपली जागा भलतीकडेच दिसते.

आता माहुलीबद्दल. जुलैत भाच्याबरोबर उतरत होतो. कुणीतरी फेब्रुवारीत चालून नोंदवलेली वाट घड्याळात घेतली होती आणि ती ओढ्यातून पलीकडे जात होती. पाणी जेमतेम घोट्याएवढं. माझी नजर घड्याळातल्या वाटेच्या रेषेवर. भाचा म्हणाला, "मामा, पाणी गढूळ झालंय, पालापाचोळा येतोय." वर जोराचा पाऊस झाल्याची ही खूण मीच त्याला शिकवली होती. थांबलो. दहा मिनिटांत मांडीपर्यंत लोंढा आला, आणि अडीच तास आम्ही अलीकडच्या काठावरच बसून राहिलो. पूर्वी ती खूण माझ्या नजरेतून सुटली नसती, हे मला फार लागलं.

तेव्हापासून वळणाची सूचना बंद ठेवली आहे. दर अर्ध्या तासाला थांबून आधी १:५०,००० च्या कागदी नकाशावर आपली जागा बोटाने दाखवायची, मगच घड्याळ बघायचं. येऊरला पहिल्यांदा हे केलं तेव्हा चारशे मीटर चुकलो, डोंगराची अख्खी एक सोंड पलीकडे. आता शंभराच्या आत येतो.

घड्याळातला मदतीचा संदेश फोनमार्फतच जातो. रेंज नसेल तर तो जात नाही, आणि उपग्रहावरून बोलणारी यंत्रं आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. म्हणून वाट आणि परतायची वेळ कागदावर लिहून घरी ठेवतो. त्या दिवशी वेळ टळल्यावर आईने पायथ्याच्या ज्या घरी आम्ही जेवतो तिथे फोन केला होता. आम्ही ओढ्याशी बसलेलो असताना तिथले काका दोरी आणि बॅटरी घेऊन पलीकडच्या काठावर येऊन उभे राहिले.